वेग आणि आकार : सॉफ्टवेअर निर्मितीतील तडजोडीचे शास्त्र

परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचा व्यवहार, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची माहिती अशा अनेक गोष्टींसाठी मोबाइल फोन हेच आज प्रमुख साधन झाले आहे. अशा सेवांचे मूल्यमापन करताना सेवा उपलब्ध आहे किंवा नाही, एवढेच सामान्यतः पाहिले जाते. परंतु कमी साठवण क्षमतेच्या फोनवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना झळकली, किंवा ॲप उघडण्यास इतका वेळ लागला की वापरकर्त्याने प्रयत्नच सोडून दिला, तर ती सेवा कागदोपत्री उपलब्ध असूनही त्या नागरिकापुरती अनुपलब्धच राहते. पहिल्या अडचणीचे मूळ फाइलच्या आकारात असते, तर दुसरीचे आज्ञावलीच्या वेगात. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी ठरतात त्या सॉफ्टवेअर तयार करण्याच्या साधनांमध्ये.

वेग वाढवावा तर आकार वाढतो आणि आकार कमी करावा तर वेग घटतो, हा संगणकशास्त्रातील एक जुना पेच आहे. वरवर पाहता तो निव्वळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात मात्र या पेचातील प्रत्येक निवड एका प्रश्नाचे उत्तर देत असते. संगणकाचा वेळ, साठवणुकीची जागा आणि इंटरनेटचा वापर यांचा खर्च कोणी सोसायचा, हा तो प्रश्न होय. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान आणि ई-प्रशासन हे दोन घटक बहुधा स्वतंत्रपणे अभ्यासले जातात. हा विषय त्या दोहोंना जोडणारा दुवा आहे.

साधने आणि त्यांचे कार्य

आज्ञावलीकार सी, जावा, कोटलिन यांसारख्या भाषांत आज्ञावली लिहितो. संगणकाच्या प्रक्रियकाला, म्हणजेच प्रोसेसरला, या भाषा थेट समजत नाहीत. त्याला केवळ स्वतःच्या यंत्रभाषेतील सूचना समजतात. मूळ आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. स्वतंत्रपणे रूपांतरित झालेले भाग आणि आधीच तयार असलेली ग्रंथालये, म्हणजेच लायब्ररी, यांची जोडणी करून चालण्यायोग्य फाइल बनवणारे साधन म्हणजे लिंकर. यापुढे अनावश्यक भाग काढून टाकणारी, फाइल दाबून लहान करणारी आणि वितरणासाठी बांधणी करणारी साधने येतात.

कंपायलर हा शब्दास शब्द ठेवणारा भाषांतरकार नसतो. अर्थ कायम राखून तो सूचनांची पुनर्रचना करतो. या प्रक्रियेला इष्टतमीकरण असे म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केलेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये इष्टतमीकरणाच्या पातळ्या निवडण्याची सोय आहे. ‘ओ-०’ या पातळीवर इष्टतमीकरण जवळजवळ नसते. त्यामुळे बांधणी लवकर होते आणि चुका शोधणे सोपे जाते. ‘ओ-२’ ही पातळी सर्वसाधारण वापरासाठी योग्य मानली जाते. ‘ओ-३’ वेगासाठी अधिक आक्रमक उपाय योजते. ‘ओ-एस’ या पर्यायात ‘ओ-२’ मधील उपाय वापरले जातात, परंतु ज्यांमुळे आकार वाढण्याचा संभव असतो ते वगळले जातात. आकार याहूनही कमी करण्याचा ‘ओ-झेड’ हा पर्याय जीसीसीच्या १२ व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये आला. एकच मूळ आज्ञावली या निरनिराळ्या पर्यायांनी बांधली असता तिचे उत्तर तेच राहते, पण वेग आणि आकार बदलतात.

जागा देऊन वेग घेणे

ही देवाणघेवाण कशी होते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. समजा, १०० संख्यांची बेरीज करावयाची आहे. नेहमीच्या आवर्तनात, म्हणजेच लूपमध्ये, एक संख्या मिळवायची, मोजणीत १ ची भर घालायची, १०० संख्या झाल्या का हे तपासायचे आणि पुन्हा आरंभी जायचे, असा क्रम असतो. म्हणजे १०० बेरजांसाठी सुमारे १०० वेळा तपासणी होते. प्रत्यक्ष काम बेरजेचे असले तरी बराच वेळ या तपासणीत जातो. कंपायलरने एका फेरीत चार संख्या मिळवण्याच्या सूचना एकापुढे एक मांडल्या, तर फेऱ्या २५ वर येतात आणि तपासण्याही तितक्याच उरतात. या तंत्राला लूप उलगडणे म्हणतात. वेग वाढतो, मात्र बेरजेची सूचना एकाऐवजी चारदा लिहिली गेल्याने फाइल वाढते.

दुसरे उदाहरण फंक्शनचे आहे. वारंवार लागणारे काम एकदाच लिहून त्याला नाव द्यायचे आणि गरज पडेल तेथून त्याला बोलवायचे, ही आज्ञावली लेखनातील सर्वमान्य पद्धत आहे. प्रत्येक वेळी बोलावताना प्रोसेसरला आपली जागा नोंदवून ठेवावी लागते, दुसरीकडे जावे लागते आणि काम संपल्यावर परतावे लागते. हा फेरा वाचवण्यासाठी कंपायलर त्या फंक्शनमधील सूचनाच बोलावण्याच्या प्रत्येक ठिकाणी उतरवून ठेवू शकतो. एखादे फंक्शन ५० ठिकाणी वापरले असेल, तर त्याच्या ५० प्रती तयार होण्याची शक्यता असते. फंक्शन अगदी छोटे असेल तर मात्र बोलावण्याच्या सूचनांपेक्षा त्याचा मजकूरच लहान ठरतो. अशा वेळी आकार आणि वेग या दोहोंचा लाभ होतो. म्हणूनच असे निर्णय सरसकट न घेता प्रसंगानुरूप घेतले जातात.

पेचाचा इतिहास

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालील आयबीएमच्या गटाने १९५७ मध्ये फोरट्रान भाषेचा कंपायलर उपलब्ध करून दिला. त्या काळी कुशल आज्ञावलीकार यंत्राच्या पातळीवरील सूचना हाताने लिहीत. यंत्राने केलेले भाषांतर त्या तोडीचे असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. संगणकाचा वेळ अत्यंत महाग असल्यामुळे कंपायलरने तयार केलेली आज्ञावली हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या जवळपास वेगवान असणे, ही त्याच्या स्वीकाराची पूर्वअट होती. इष्टतमीकरण हे कंपायलरच्या जन्मापासूनच त्याचे अंग बनले, ते यामुळेच. या क्षेत्रातील मूलभूत कार्यासाठी आयबीएममधील संशोधक फ्रान्सेस ॲलन यांना २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातील हा सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

याच्या नेमकी उलट निवड अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेत करावी लागली. अपोलो यानातील मार्गदर्शक संगणकात आज्ञावलीसाठी ३६,८६४ शब्दांची कायम स्मृती होती. आजच्या हिशोबाने ती सुमारे ७२ किलोबाइट भरते. बदलता येण्याजोगी स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. अंतराळातील दिशा आणि गती यांची गणिते थेट यंत्रभाषेत लिहिली असती, तर ती या जागेत मावली नसती. त्यामुळे ती एका संक्षिप्त सांकेतिक भाषेत लिहिण्यात आली आणि ते संकेत वाचून एकेक काम पार पाडणारा दुभाषी, म्हणजेच इंटरप्रिटर, संगणकात ठेवण्यात आला. या पद्धतीने गणिते संथ झाली, परंतु आज्ञावली जागेत बसली. जेथे वेळ काटेकोर होता, ती कामे थेट यंत्रसूचनांत ठेवण्यात आली. जुलै १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला, त्यामागे वेग आणि आकार यांची ही विचारपूर्वक केलेली वाटणीही होती.

लहान आज्ञावली वेगवानही असू शकते

आकार आणि वेग नेहमीच परस्परविरोधी असतात, असा समज होण्याची शक्यता आहे. आधुनिक प्रोसेसरच्या रचनेमुळे हा समज अपुरा ठरतो. प्रोसेसर मुख्य स्मृतीपेक्षा कितीतरी वेगाने काम करतो. ही तफावत भरून काढण्यासाठी प्रोसेसरच्या आतच अतिशय वेगवान पण अतिशय लहान अशी कॅश स्मृती असते. सूचनांसाठीची पहिल्या पातळीवरील कॅश अनेक प्रोसेसरांत ३२ किलोबाइटची असते. हवी ती सूचना तेथे सापडली तर मोजक्याच चक्रांत मिळते. ती मुख्य स्मृतीतून आणावी लागली तर शंभराहून अधिक चक्रेही वाया जाऊ शकतात. लूप उलगडून आणि फंक्शनच्या प्रती काढून फुगवलेली आज्ञावली कॅशमध्ये मावेनाशी झाली, तर वेगासाठी योजलेला उपायच वेगाला मारक ठरतो. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याची बांधणी करताना वेग आणि आकार असे दोन्ही पर्याय उपलब्ध ठेवलेले आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रोसेसरच्या रचनाकारांनीही हा मुद्दा ओळखला. एआरएम कंपनीच्या प्रोसेसरांत मूळ सूचना ३२ बिटांच्या असत. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘थम्ब’ नावाचा १६ बिटांचा सूचनासंच त्यांत आणला गेला. कंपनीच्या तांत्रिक माहितीनुसार थम्बमधील आज्ञावली मूळ आकाराच्या सुमारे ६५ टक्के भरते. १६ बिटांच्या अरुंद स्मृतीतून चालवली असता तिचा वेग मूळ आज्ञावलीच्या सुमारे १६० टक्के मिळतो. अरुंद रस्त्यावरून लहान वाहने लवकर पुढे सरकावीत, असाच हा प्रकार आहे. रिस्क-व्ही या मुक्त सूचनासंचातही १६ बिटांच्या संक्षिप्त सूचनांची जोड असून तिच्यामुळे आज्ञावलीचा आकार साधारण २५ ते ३० टक्क्यांनी घटतो. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर याच रिस्क-व्ही रचनेवर आधारलेले आहेत.

अँड्रॉइडचा धडा

या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण अँड्रॉइड या मोबाइल कार्यप्रणालीच्या वाटचालीत सापडते. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, तेव्हा ॲपमधील आज्ञावली मधल्या स्वरूपात साठवली जात असे आणि चालवताना ‘डाल्विक’ नावाचा आभासी संगणक तिचा एकेक सूचनेने अर्थ लावत असे. जागा कमी लागे, पण वेग मर्यादित राही. २०१० मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत चालू असतानाच वारंवार लागणारा भाग यंत्रभाषेत रूपांतरित करण्याची सोय झाली.

२०१४ च्या ५.० या आवृत्तीत डाल्विकची जागा ‘एआरटी’ या नव्या यंत्रणेने घेतली. तिने ॲप फोनवर घेतानाच संपूर्ण आज्ञावली यंत्रभाषेत रूपांतरित करून ठेवण्याचे धोरण स्वीकारले. ॲप चालवण्याचा वेग वाढला आणि चालवतानाचा भाषांतराचा भार हलका झाला. परंतु यंत्रभाषेतील प्रतीमुळे साठवणुकीत अधिक जागा जाऊ लागली आणि ॲप घेण्यास वेळ लागू लागला. कार्यप्रणाली अद्ययावत झाली की सर्व ॲपचे रूपांतर पुन्हा होई. एकामागून एक ॲपचा आकडा पुढे सरकत असताना वापरकर्त्याला फोन हातात धरून थांबावे लागे.

२०१६ मधील ७.० या आवृत्तीने मध्यममार्ग काढला. ॲप घेताना रूपांतर टाळायचे, प्रत्यक्ष वापरात कोणता भाग पुन्हा पुन्हा लागतो याची नोंद ठेवायची आणि फोन वापरात नसताना, चार्जिंग चालू असताना, तेवढाच भाग यंत्रभाषेत बदलून ठेवायचा, अशी ही संमिश्र पद्धत आहे. क्वचित लागणारा भाग संक्षिप्त स्वरूपातच राहतो. आठ वर्षांत हे धोरण आधी जागेच्या बाजूने, मग वेगाच्या बाजूने आणि अखेर दोहोंच्या समतोलाकडे गेले.

या समतोलाला शास्त्रीय आधार आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावलींच्या अभ्यासातून असे दाखवले होते की, आज्ञावलीच्या ४ टक्क्यांहून कमी भागात सामान्यतः तिचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. हा थोडा भाग वेगासाठी घडवावा आणि उरलेला मोठा भाग आकारासाठी, हे सूत्र त्यातून ओघाने येते. प्रत्यक्ष वापराची नोंद कंपायलरला पुरवून बांधणी करण्याची पद्धत आज जीसीसी आणि एलएलव्हीएम या दोन्ही कंपायलर प्रकल्पांत उपलब्ध आहे. यांपैकी एलएलव्हीएमचा आरंभ २००० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी केला. अडवे हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी आहेत. या कार्यासाठी त्या दोघांना इव्हान चेंग यांच्यासह एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा २०१२ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

आकार कमी करण्याचे मार्ग

कंपायलरनंतरच्या टप्प्यांतही आकारावर नियंत्रण ठेवता येते. पहिला निर्णय लायब्ररीच्या जोडणीचा असतो. स्थिर जोडणीत लागणारा भाग प्रत्येक फाइलमध्ये उतरवला जातो. फाइल मोठी होते, पण ती स्वयंपूर्ण असते आणि कोणत्याही यंत्रावर तिचे दुसऱ्यावाचून अडत नाही. गतिशील जोडणीत लायब्ररी यंत्रावर एकदाच ठेवून अनेक आज्ञावली तिचा सामाईक वापर करतात. यात जागा वाचते आणि लायब्ररीतील सुरक्षेची त्रुटी एकाच ठिकाणी दुरुस्त करता येते. मात्र योग्य आवृत्ती उपलब्ध नसेल तर आज्ञावली चालत नाही आणि आरंभीच्या जोडणीस थोडा वेळही लागतो.

दुसरा मार्ग छाटणीचा आहे. चुका शोधण्यासाठी फाइलमध्ये ठेवलेली माहिती वापरकर्त्याच्या उपयोगाची नसते. ती काढून टाकता येते. आयत्या लायब्ररीतील एखादेच फंक्शन वापरले असेल, तर बाकीचा न वापरलेला भाग वगळता येतो. अँड्रॉइडसाठी हे काम पूर्वी प्रोगार्ड आणि आता आर-८ हे साधन करते. तिसरा मार्ग वितरणाचा आहे. पूर्वी एकाच फाइलमध्ये सर्व भाषांचे मजकूर, सर्व आकारांच्या पडद्यांसाठी चित्रे आणि सर्व प्रकारच्या प्रोसेसरांसाठी आज्ञावली भरून ती सर्वांना दिली जात असे. २०१८ मध्ये गुगलने ‘ॲप बंडल’ ही पद्धत आणली आणि ऑगस्ट २०२१ पासून गुगल प्लेवरील नव्या ॲपसाठी ती बंधनकारक केली. या पद्धतीत त्या त्या फोनला लागणारेच भाग पाठवले जातात.

चौथा मार्ग फाइल दाबण्याचा, म्हणजेच कॉम्प्रेशनचा. १९९२ पासून प्रचलित असलेल्या जीझिप या साधनात १ ते ९ अशा पातळ्या असतात. पहिल्या पातळीवर काम झटपट होते, पण फाइल तितकी लहान होत नाही. नवव्या पातळीवर वेळ अधिक लागतो आणि फाइल अधिक लहान होते. फाइल पुन्हा उलगडण्याच्या वेळेत मात्र पातळीनुसार फारसा फरक पडत नाही. त्यामुळे जी फाइल एकदा तयार होऊन लाखो लोकांकडे जाणार आहे, ती सर्वोच्च पातळीवर दाबणे शहाणपणाचे ठरते. निर्माता एकदाच काही मिनिटे खर्च करतो आणि तो लाभ प्रत्येक वापरकर्त्याला मिळतो.

हा लाभ किती मोठा असू शकतो, हे साध्या गणिताने दिसते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. फाइलचा आकार बाइटमध्ये, तर इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगितला जातो आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. सेकंदाला २ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ४० मेगाबाइटची फाइल उतरवण्यास किमान १६० सेकंद लागतात. तीच फाइल १० मेगाबाइटची असेल तर ४० सेकंद पुरतात. एका लाख वापरकर्त्यांनी प्रत्येकी ३० मेगाबाइट वाचवले, तर एकूण ३० लाख मेगाबाइट, म्हणजे सुमारे ३ टेराबाइट वहन वाचते. गुगलने २०१७ मध्ये आपल्या निरीक्षणावरून नमूद केले होते की, १०० मेगाबाइटपर्यंतच्या ॲपच्या आकारात दर ६ मेगाबाइटची वाढ झाली की ते फोनवर घेण्याच्या प्रमाणात सुमारे १ टक्क्याने घट होते.

भारतीय भाषांचा विचार

बहुभाषिक देशात आकाराच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. महाजालावर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत मूळ रोमन लिपीच्या प्रत्येक अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. त्यांना १५ बाइट लागतात. हेच नाव रोमन लिपीत सात अक्षरांत, म्हणजे ७ बाइटांत मावते. बांगला, तमिळ, तेलुगू आदी प्रमुख भारतीय लिप्यांची स्थितीही अशीच आहे. मात्र देवनागरी चिन्हांच्या तीन बाइटांपैकी आरंभीचे बाइट पुन्हा पुन्हा तेच येत असल्याने मजकूर दाबला असता ही तफावत बरीच कमी होते.

अक्षरवळणाच्या, म्हणजेच फॉन्टच्या, फाइलबाबतही असाच विचार करावा लागतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये बरीच अधिक आकृतिचिन्हे असतात. लागतील तेवढीच चिन्हे ठेवून फॉन्टचा संच लहान करणारी साधने उपलब्ध आहेत. भारतीय भाषेतील मजकूर चित्राच्या रूपात देण्याचा सोपा मार्ग मात्र टाळणे इष्ट आहे. चित्राची फाइल मजकुरापेक्षा कितीतरी मोठी असते, तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिबाधित वापरकर्त्याचे वाचनसाधनही ती वाचू शकत नाही.

निवडीचे निकष

कोणत्या ठिकाणी कोणती निवड करावी, याचे एकच उत्तर नाही. हवामानाच्या अंदाजाचे उदाहरण घेता येईल. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणक तसेच हवामानविषयक ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ या प्रणाली राष्ट्राला अर्पण करण्यात आल्या. अशा यंत्रांवर आज्ञावलीची फाइल काही मेगाबाइटने वाढली तरी बिघडत नाही. गणित मात्र वेळेत पुरे झाले पाहिजे, कारण वादळ येऊन गेल्यावर मिळालेला अंदाज निरुपयोगी असतो. येथे वेगाची बाजू उजवी ठरते.

दुसऱ्या टोकाला लहान नियंत्रक चिप असतात. विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या आर्डुइनो उनो या फलकावरील नियंत्रकात आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि कामाच्या माहितीसाठी २ किलोबाइट एवढीच जागा असते. मातीतील ओलावा मोजून पंप सुरू करणाऱ्या उपकरणास सेकंदाला लाखो गणिते करावयाची नसतात, पण आज्ञावली त्या ३२ किलोबाइटमध्ये बसलीच पाहिजे. आर्डुइनोच्या विकास साधनात ‘ओ-एस’ हा आकाराचा पर्याय मुळातच निवडलेला असतो, तो याच कारणाने.

नागरिकांसाठीची ॲप या दोन टोकांच्या मध्ये येतात. फोन कोणता आहे, जोडणी किती वेगाची आहे, हे निर्मात्याच्या हाती नसते. कमी क्षमतेच्या फोनसाठी अँड्रॉइडची ‘गो’ ही आवृत्ती २०१७ मध्ये आली. प्रारंभी ती १ गिगाबाइट किंवा त्याहून कमी स्मृती असलेल्या फोनसाठी होती. भारत सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘उमंग’ हे ॲप सुरू केले. अनेक विभागांच्या सेवा एकाच ॲपमध्ये मिळाल्याने प्रत्येक विभागाचे वेगळे ॲप साठवण्याची गरज कमी होते. याहून पुढची पायरी म्हणजे काहीच साठवण्याची गरज नसलेली सेवा. राष्ट्रीय देयक महामंडळाची ‘*९९#’ ही बँकिंग सेवा साध्या फोनवर इंटरनेटवाचून चालते. तिच्यातील प्रत्येक संदेश १८२ अक्षरांच्या मर्यादेत बसवावा लागतो आणि व्यवहार एकेक पायरीने पुढे जातो. वेग आणि सोय यांचा त्याग करून येथे पोहोच साधली आहे. साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ ही सेवा मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तिचाही हेतू हाच आहे.

या विचारात तिसराही एक घटक असतो. तो म्हणजे बांधणीस लागणारा वेळ. संपूर्ण आज्ञावलीचा एकत्रित विचार करणारे इष्टतमीकरण वेग आणि आकार दोन्ही सुधारू शकते, पण बांधणी लांबते. म्हणून रोजच्या कामासाठी झटपट बांधणी आणि प्रसृत करावयाच्या आवृत्तीसाठी सखोल बांधणी, अशी विभागणी केली जाते. अडचण उद्भवते ती निर्माता स्वतःच्या महागड्या फोनवर आणि वेगवान जोडणीवरच ॲप तपासून समाधान मानतो तेव्हा. त्याने वाचवलेला एक तास वापरकर्त्यांच्या हजारो तासांच्या रूपाने वसूल होतो.

थोडक्यात, वेग आणि आकार यांतील निवड करताना आधी मोजमाप, मग निर्णय हा क्रम पाळणे आवश्यक ठरते. कोणता भाग वेळ खातो, कोणता भाग जागा अडवतो आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्याच्या हाती कोणते साधन आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कंपायलरचा योग्य पर्याय निवडणे अवघड राहत नाही. सार्वजनिक सेवेच्या बाबतीत यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उद्या प्रशासनात जाणाऱ्या आणि एखाद्या ॲपच्या निविदेवर अथवा स्वीकृतीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ते ॲप सर्वांत स्वस्त फोनवर, सर्वांत मंद जोडणीवर चालवून पाहण्याचा आग्रह धरला, तर ‘सेवा उपलब्ध आहे’ या विधानाला खरा अर्थ प्राप्त होईल.